जुन्या लष्करी जीपची चासी आणि नंबराचा घोळ

आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला सरसकट 'विलिस' म्हणायची सवय आहे, मग ती फोर्डची का असेना. 1941 च्या अखेरीस एकट्या विलिसचा पुरवठा अमेरिकी लष्कराला पुरेना, तेव्हा तोच आराखडा फोर्डलाही दिला गेला. युद्ध संपेपर्यंत विलिसच्या साडेतीन लाखांवर 'एमबी' निघाल्या, फोर्डच्या पावणेतीन लाखांवर 'जीपीडब्ल्यू'. या अक्षरांचा 'जनरल पर्पज'शी संबंध नाही. जी म्हणजे सरकारी काम, पी म्हणजे 80 इंची व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर), डब्ल्यू म्हणजे विलिसचा आराखडा. फोर्डच्या कारखान्यातली सांकेतिक अक्षरं, एवढंच.

एकीचा भाग दुसरीला बसला पाहिजे, अशी लष्कराची अटच होती. 1944 च्या सुमारास तर दोघांची बॉडीही एकसारखी झाली. त्यामुळे पत्रा बघून ओळख पटवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. चासी, म्हणजे बॉडीखालचा लोखंडी सांगाडा, मात्र शेवटपर्यंत वेगळी राहिली. पुढे उकिडवं बसून रेडिएटरखालच्या आडव्या क्रॉस मेंबरवर बोटं फिरवा: गोल नळी लागली तर विलिस, उलटी पन्हळ लागली तर फोर्ड. पण पन्हळ दिसली म्हणून लगेच उड्या मारू नयेत. 1945 पासून निघालेल्या विलिसच्या नागरी जीपला, सीजे-2ए लाही तशीच पन्हळ आहे.

खरा घोळ नंबराचा. चासीच्या दोन्ही बाजूंना लांब दांडे असतात. फोर्डने नंबर डाव्या दांड्याच्या माथ्यावर, इंजिनाच्या माउंटिंगजवळ ठोकला आणि सुरुवातीला जीपीडब्ल्यू ही अक्षरं घातली. रॉकेलचा बोळा आणि वायरब्रश घेऊन ऐंशी वर्षांचं ग्रीस खरवडलं, वर खडू चोळला की आकडे उमटतात. (डावी म्हणजे मूळ ड्रायव्हरची बाजू. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे नेलेल्या गाडीत लोक भलत्याच दांड्यावर शोधत बसतात.) विलिसने नंबराची वेगळी पट्टी लावली. पुढच्या बंपरमागे, डाव्या दांड्याच्या आतल्या अंगाला, रिबिटांनी. पट्टी गेली की उरतात नुसती भोकं.

आता आरटीओला हवा असतो चासी नंबराचा पेन्सिल प्रिंट, म्हणजे नंबरावर कागद धरून पेन्सिल घासून घेतलेला ठसा. भोकांचा प्रिंट कोण घेणार? मग कुणीतरी पंच घेऊन आरसी बुकातला नंबर दांड्यावर ठोकतो, आणि सच्च्या विलिसवर बनावटीचा शिक्का बसतो. ज्या एमबीवर दांड्याला ठळक नंबर आहे, तिच्याकडेच मी आधी संशयाने बघतो.

जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नोंदणी क्रमांकांची 'व्हीए' मालिका आणली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपातली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी; नव्या नोंदणीला 20,000 रुपये. हेतू चांगला. पण 'मूळ रूप' लष्करी जीपला लावायचं कसं? युद्ध चालू असतानाच लष्करी वर्कशॉपात इंजिनं, बॉड्या, चाश्या सुट्या करून हाताला येईल तशी जोडणी होत असे. फोर्डचा इंजिन नंबर आणि चासी नंबर कारखान्यातून एकच निघत असे, हे खरं. पण 1944 मध्ये इंजिन बदललं असेल तर तो या गाडीचा इतिहासच आहे, भेसळ नव्हे. गॅरेजात डिझेल इंजिन बसवण्यासाठी कापलेली चासी आणि ही अदलाबदल एकाच तराजूत तोलणं मला पटत नाही. शिवाय पहिली नागरी नोंदणी लष्कराने गाडी लिलावात काढल्यानंतरची, म्हणजे 1943 ची गाडी कागदावर सहज वीस वर्षांनी तरुण निघू शकते.

1947 नंतर मुंबईत माझगावला विलिसची जोडणी सुरू झाली. पुढे इथेच बनलेल्या सीजे-3बीचा व्हीलबेसही 80 इंचच. म्हणून नुसत्या टेपने युद्धातली जीप ओळखता येत नाही. टेप सांगते ती चासीची तब्येत. दांडे बाहेरून बाहेर सव्वाएकोणतीस इंच भरले पाहिजेत. मग चारही शॅकल-हँगरवरून (स्प्रिंगचे पाटे चासीला जिथे टांगलेले असतात तिथून) ओळंबा सोडायचा, सिमेंटच्या कोब्यावर खडूच्या खुणा करायच्या आणि दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण जुळले नाहीत तर चासी तिरकी झाली आहे. पीळ मात्र कर्णात दिसत नाही. तो बघायला दोन दांड्यांवर पुढे-मागे सरळ पट्ट्या आडव्या टाकून एका डोळ्याने ओळ धरावी लागते.