नागासाकीचे गुप्त ख्रिस्ती : पार्श्वभूमी

5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर 26 ख्रिस्ती लोकांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारलं. त्यांत वसईचा संत गोन्सालो गार्सियाही होता, त्यामुळे हा इतिहास आपल्या लोकांना नव्याने सांगायला नको. त्यानंतर काय झालं, ते मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितलं जातं.

1614 मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. शिमाबारातल्या, बहुतांशी ख्रिस्ती शेतकऱ्यांचा उठाव 1638 मध्ये चिरडला गेला आणि 1644 नंतर जपानमध्ये एकही धर्मगुरू मोकळा उरला नाही. प्रत्येक घराची नोंद बौद्ध मंदिरात सक्तीची होती. पाच-पाच घरांचे गट केले होते. एक घर ख्रिस्ती निघालं तर शिक्षा साऱ्या गटाला. चुगली करणाऱ्याला चांदीचं इनाम मिळे.

वाद आहे तो फुमि-एचा, म्हणजे पवित्र प्रतिमा पायाखाली तुडवायला लावण्याचा. नागासाकीत दर नव्या वर्षाला ख्रिस्ताची किंवा मारियेची प्रतिमा जमिनीवर ठेवत आणि सगळ्यांना तिच्यावर पाय द्यायला लावत. आधी कागदी चित्रं होती, 1669 मध्ये पितळी पाट्या ओतल्या. पाय न देणारे हुतात्मे झाले. पाय देणाऱ्यांना धर्मत्यागी म्हणायचं का? मला ते मान्य नाही. हीच माणसं घरी येऊन, दार लावून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. तिला आधार होता 1603 मधल्या एका छोट्या पुस्तिकेचा: धर्मगुरू मिळत नसेल, तर देवावरच्या प्रेमापोटी केलेल्या खऱ्या पश्चात्तापानेही क्षमा मिळते, मात्र संधी मिळताच धर्मगुरूपुढे पापस्वीकार करण्याचा निर्धार हवा. हाताने नकला होत ती प्रार्थना पिढ्यान् पिढ्या उतरली. बंदी उठण्याआधीच, 1869 मध्ये, नव्याने आलेल्या फ्रेंच धर्मगुरूंनी तीच पुस्तिका पुन्हा छापली. पाय देणाऱ्यांची नावं कोणत्याही संतमालिकेत नाहीत, पण पुढच्या पिढीला स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) त्यांनीच दिला. गावात एक जण सणांचं पंचांग सांभाळे, दुसरा बाळांना स्नानसंस्कार देई.

17 मार्च 1865 रोजी नागासाकीजवळच्या उराकामी गावचे दहा-पंधरा जण नागासाकीतल्या ओउराच्या नव्या चर्चमध्ये आले. एका बाईने धर्मगुरूला हळूच सांगितलं की आमचं आणि तुमचं मन एकच आहे, आणि सांता मारियेची मूर्ती कुठे आहे ते विचारलं.

बंदी अजून उठली नव्हती. 1867 मध्ये उराकामीकरांनी मंदिरातले अंत्यविधी उघडपणे नाकारले आणि धरपकड सुरू झाली. सत्तापालट होऊनही नव्या सरकारने सुमारे 3,400 जणांना हद्दपार करून देशभर विखुरलं. त्सुवानो या ठिकाणी त्यांना गोठलेल्या तळ्यात उतरवलं, जेमतेम तीन फुटी पिंजऱ्यांत कोंडलं. सहाशेहून अधिक लोक परत आलेच नाहीत. अखेर पाश्चात्त्य देशांच्या दबावाखाली 1873 मध्ये बंदी जाहीर करणारे फलक उतरवले गेले.

परतलेल्यांनी पुढे गावप्रमुखाचा वाडा विकत घेतला. दरवर्षी त्यांना प्रतिमेवर पाय द्यायला लावत ते याच वाड्यात. तिथेच त्यांनी कॅथेड्रल बांधलं. 9 ऑगस्ट 1945 च्या अणुबॉम्बने ते उद्ध्वस्त झालं.

सगळेच चर्चमध्ये परतले नाहीत. इकित्सुकीसारख्या बेटांवरच्या अनेक घराण्यांनी वाडवडिलांची रीत सोडली नाही आणि लॅटिन-पोर्तुगीज शब्दांच्या प्रार्थना तोंडपाठ जपल्या. धर्मगुरूंच्या नजरेत ते वेगळे पडलेले होते. पण जी रीत जपताना पूर्वजांनी जीव धोक्यात घातला होता, ती बाहेरच्या माणसाच्या सांगण्यावरून अपुरी मानायला ते तयार नव्हते.