डिस्क बदलल्यावर लिनक्स बूट न होणे

जुन्या हार्ड डिस्कवरचे लिनक्स नव्या डिस्कवर हलवल्यावर पुष्कळदा संगणक चालू होतो, पण लॉगिनपर्यंत पोहोचत नाही. लोक हताश होऊन सगळे पुन्हा इन्स्टॉल करतात आणि बसवलेली घडी हकनाक मोडतात. फायली बहुधा शाबूत असतात, चुकलेले असतात ते पत्ते.

फाइल सिस्टिमची ओळख यूयूआयडी या क्रमांकाने पटते. पार्टिशन नव्याने फॉरमॅट केले की क्रमांक बदलतो, पण ग्रब या बूटलोडरच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फिग फाइलमध्ये आणि एफएसटॅबमध्ये, म्हणजे कोणती पार्टिशने जोडायची (माउंट करायची) त्या यादीत, जुनाच लिहिलेला राहतो. एक्स्ट-4 या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमचा यूयूआयडी 128 बिटांचा, 32 अंक-अक्षरांचा असतो. बूटच्या फायली ठेवणाऱ्या ईएफआय पार्टिशनचा मात्र आठच अक्षरांचा, मध्ये आडवी रेघ. एफएसटॅब दुरुस्त करताना नेमकी ही छोटी ओळ नजरेतून सुटते. मग सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) त्या पार्टिशनची 90 सेकंद वाट पाहतो आणि दुरुस्तीपुरत्या इमर्जन्सी मोडमध्ये जातो.

गाडी कुठे अडली त्यावरून दोष कळतो. ‘ग्रब रेस्क्यू’ दिसले, तर ग्रबचा पहिला भाग चालला, पण त्याला पुढच्या फायली मिळाल्या नाहीत. इनिटरॅमएफएसचा (बूटच्या सुरुवातीला मेमरीत उतरणाऱ्या छोट्या फाइल सिस्टिमचा) प्रॉम्प्ट आला, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चालू झाला आहे, मुख्य सिस्टिम असलेले रूट पार्टिशन मात्र सापडत नाही. तिथे पत्ता जुना असतो, नाहीतर नव्या डिस्कचा ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये नसतो. साटा प्रकारच्या डिस्कवरून एनव्हीएमई प्रकारच्या डिस्कवर जाताना हे घडू शकते. बूट करण्याजोगे काहीच सापडत नसेल, तर यूईएफआयची (संगणकाच्या आधुनिक फर्मवेअरची) बूट-नोंद तपासावी. ती डिस्कवर नसून मदरबोर्डच्या मेमरीत असते, त्यामुळे फायली कॉपी केल्याने ती बदलत नाही. जुन्या बायोस पद्धतीत ग्रबचा पहिला तुकडा डिस्कच्या पहिल्या 512 बाइटच्या सेक्टरमध्ये बसतो, म्हणून तोही फायलींच्या कॉपीतून येत नाही.

दुरुस्ती लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समधून, होते. यूईएफआय संगणकावर ती यूईएफआय मोडमध्येच सुरू करावी, नाहीतर ग्रबला आपली नोंद करता येत नाही. नवे रूट आणि ईएफआय पार्टिशन माउंट करून, डेव्ह, प्रॉक, सिस हे सिस्टिमचे फोल्डर जोडून सीएचरूट करावे, म्हणजे पुढच्या कमांड नव्या डिस्कवरच्या लिनक्समध्ये चालतील. ब्लकआयडी या कमांडने खरे क्रमांक पाहून आधी एफएसटॅब सुधारावा. मग डेबियन-उबंटूमध्ये अपडेट-इनिटरॅमएफएस, ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब या कमांड चालवाव्यात. फेडोरात इनिटरॅमएफएससाठी ड्राकट ही कमांड वापरतात.

डीडी या कमांडने संपूर्ण डिस्क जशीच्या तशी कॉपी केली, तर अडचण उलटी होते: दोन्ही डिस्कचे यूयूआयडी एकच. दोन्ही जोडून बूट केले तर कोणती माउंट होईल याचा भरवसा नाही, आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टिममध्ये तर डेटा बिघडू शकतो. पहिला बूट जुनी डिस्क काढूनच करावा.

एवढे करूनही डेबियन-उबंटू सुरू होताना अर्धा मिनिट रेंगाळत असेल, तर इनिटरॅमएफएसच्या रिझ्यूम फाइलमध्ये जुन्या स्वॅपचा (जादा मेमरी म्हणून वापरायच्या डिस्कवरच्या जागेचा) यूयूआयडी उरला आहे का ते पाहावे. तो बदलून इनिटरॅमएफएस पुन्हा बनवावे लागते.