जहाज बांधायचंय, पण गोंद सोसत नाही

इंग्लंडमधल्या चॅटहॅमच्या गोदीत 1765 साली पाण्यात उतरलेल्या ‘एचएमएस व्हिक्टरी’ या युद्धनौकेचा पाण्याखालचा भाग 1780 मध्ये तांब्याच्या पत्र्यांनी मढवला गेला. लाकूड पोखरणाऱ्या सागरी जीवांपासून बचाव हा त्यामागचा हेतू. मूळ जहाजावर पत्रे खिळ्यांनी ठोकले होते. आज या जहाजाची प्रतिकृती घरी बांधणारा छांदिष्ट नखापेक्षा लहान असे हजारो पत्रे चिमट्याने उचलून सुपरग्लूच्या थेंबावर बसवतो. डोळ्यांवर भिंग, नाक जहाजापासून वीतभर अंतरावर आणि काम महिनोन्‌महिने. मग कधीतरी डोळे चुरचुरायला लागतात, नाक वाहतं. काहींना काम आटोपून झोपल्यावर रात्री छातीत घरघर होते. ती सर्दी समजून सोडून दिली जाते.

सुपरग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट. 1942 साली कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना हा पदार्थ हाती आला आणि दिसेल त्याला चिकटतो म्हणून बाजूला टाकला गेला. विकायला आला तो 1958 मध्ये. पृष्ठभागावर असलेला पाण्याचा सूक्ष्म थर त्याला पुरतो. त्यातून सुरुवात होऊन छोटे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि लांबच लांब साखळ्या तयार होतात. पण थेंब घट्ट होण्याआधी त्याची थोडी वाफ होतेच. ही वाफ हवेपेक्षा जड असते, टेबलावरच रेंगाळते आणि ओल शोधते. वाकलेल्या माणसाचे डोळे आणि नाक तिला ती ओल देतात. हवा कोरडी असली की त्रास वाढतो, कारण वाटेतल्या बाष्पावर जमायची संधी वाफेला मिळत नाही.

इथवर जे झालं त्याला ॲलर्जी म्हणता येणार नाही. पुरेशी वाफ नाकात गेली तर कुणाचेही डोळे चुरचुरतील आणि खिडकी उघडली की थोड्या वेळात थांबतीलही. ॲलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या रसायनाची ओळख कायमची लक्षात ठेवते आणि नंतर अगदी थोडं रसायनही तिला पुरतं. बिब्बा एकाला उततो आणि दुसऱ्याला फारसं काही होत नाही, त्यामागे बऱ्याच अंशी हीच यंत्रणा आहे.

त्वचेचा वरचा थर मोठ्या रेणूंना आत येऊ देत नाही. साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) लहान रेणू मात्र शिरू शकतात. एपॉक्सी, म्हणजे ॲरल्डाइटसारखा दोन नळ्यांचा गोंद, घट्ट होण्याआधी त्यातला मुख्य रेणू 340 डाल्टनचा असतो. एवढासा रेणू एरवी प्रतिकारयंत्रणेच्या नजरेत भरत नाही, पण आत शिरून त्वचेतल्या प्रथिनाला चिकटला की ते प्रथिन परकं दिसू लागतं. पॉल लँगरहान्स या बर्लिनच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने 1868 मध्ये वर्णन केलेल्या, त्वचेत फांद्या पसरून बसलेल्या पेशी हे परकेपण टिपतात आणि लसिकाग्रंथीतल्या टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. या पहिल्या फेरीत बाहेर काहीच दिसत नाही. कुणाला काही आठवड्यांत, कुणाला वर्षानुवर्षं बिनघोर काम केल्यावर ही ओळख पक्की होते. त्यानंतर संपर्क आला की एक-दोन दिवसांनी खाज, लाली, बारीक फोड. रविवारी एपॉक्सी हाताळली आणि मंगळवारी बोटं खाजू लागली, तर माणूस नव्या साबणाला दोष देतो! शिवाय पुरळ बोटांवरच येईल असं नाही. पापण्यांची त्वचा फार पातळ असल्यामुळे हवेतून आलेली वाफ किंवा डोळे चोळणारं बोट तिथे आधी खूण सोडतं.

प्रतिकृतींच्या टेबलावरच्या गोंदांत त्वचेच्या ॲलर्जीसाठी सर्वांत जपून हाताळावी ती एपॉक्सी. तिच्यातला हार्डनर, म्हणजे गोंद घट्ट करणारं द्रव्य, तोही निर्दोष नाही. अतिनील प्रकाशात घट्ट होणारे गोंद ॲक्रिलेट कुळातले. नेलपॉलिशच्या ‘जेल’ प्रकारामुळे ॲलर्जी झालेल्यांना हे कूळ परिचित आहे. चामडं-रबर चिकटवायच्या पिवळसर गोंदात फिनॉल-फॉर्मल्डिहाइडची राळ असू शकते. प्लास्टिकच्या जहाजांसाठी मिळणारा संत्र्या-लिंबाच्या वासाचा गोंद अनेकांना ‘नैसर्गिक’ म्हणून सुरक्षित वाटतो. त्यातलं लिमोनीन ताजं असताना बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं, पण उघड्या बाटलीत हवेशी संयोग होऊन त्यापासून बनणारी संयुगं चांगलीच ॲलर्जीकारक असतात. सुपरग्लूमुळे त्वचेची ॲलर्जी त्या मानाने कमी होते, कारण कातडीला लागताक्षणी तो घट्ट होतो. त्याच्या वाफेने दमा झाल्याच्या नोंदी मात्र आहेत.

पूर्ण घट्ट झालेल्या सांध्यात सुटे रेणू जवळपास उरत नाहीत. म्हणजे कपाटातलं तयार जहाज सहसा त्रास देत नाही, त्रास देतो तो ओला गोंद आणि अर्धवट घट्टलेल्या एपॉक्सीवर पॉलिश पेपर घासल्यावर उडणारी धूळ. मिश्रण पाच मिनिटांत कडक झालं म्हणजे रासायनिक क्रिया संपली असं नव्हे. घासकाम दुसऱ्या दिवसावर ढकलावं.

हातमोज्यांबाबत गैरसमज फार आहेत. पातळ नायट्राइल मोजे एपॉक्सीला थोडा वेळ अडवतात, पण ॲक्रिलेट त्यांतून काही मिनिटांत पार होतं. थेंब पडला की मोजा बदलायचा. सुती मोजे घालून सुपरग्लू वापरणं तर धोक्याचंच. कापसाच्या तंतूंवर तो इतक्या झपाट्याने घट्ट होतो की त्या उष्णतेने कातडी भाजते. हाताला लागलेली ओली एपॉक्सी थिनरने पुसू नये. थिनर त्वचेतली चरबी काढून रेणूंना वाट मोकळी करून देतो. साबण-पाणी बरं. एन-95 मुखपट्टी लाकडाची धूळ अडवते, वाफ नाही; वाफेसाठी सक्रिय कोळशाचं फिल्टर असलेला मास्क लागतो. छताचा पंखाही कामाचा नाही. टेबलाच्या उंचीवर, चेहऱ्यापासून दूर हवा ओढून खिडकीबाहेर टाकणारा छोटा पंखा हवा.

माझ्या मते या सगळ्या बंदोबस्तापेक्षा गोंद बदलणं सोपं. सुपरग्लूची सवय मुळात लागते ती फळी जागेवर राहत नाही म्हणून. फळी आधीच भिजवून, उष्णता देऊन सांगाड्याच्या वळणाला बसवली, तर तिला जबरदस्तीने धरायची गरज उरत नाही. मग फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद आणि अर्धा तास चिमटे पुरतात. या गोंदातल्या साखळ्या आधीच इतक्या लांब असतात की त्या त्वचेत शिरत नाहीत. त्यातली बुरशीरोधक द्रव्यं काहींना सोसत नाहीत, ते वेगळं. घाई असेल तर एक झकास युक्ती आहे: दोन्ही बाजूंना गोंद लावून वाळू द्यायचा आणि फळी ठेवून वरून गरम इस्त्रीचं टोक फिरवायचं. पांढरा गोंद उष्णतेने मऊ होतो आणि थंड होताच धरतो. दोरांच्या गाठींना पाणी घातलेला हाच गोंद चालतो. तांब्याच्या पत्र्यांसाठी मागे चिकट थर असलेली तांब्याची पट्टी मिळते. तोफा आणि कड्या मात्र पांढऱ्या गोंदाने लाकडावर टिकत नाहीत. तिथे बारीक भोक पाडून पितळी खिळी बसवावी. कड्या डाख देऊन जोडणाऱ्यांनी इतकंच पाहावं की डाखाच्या तारेत राळ असते आणि तिचा धूर दम्याला कारण ठरू शकतो.

नेमकं काय सोसत नाही हे पॅच टेस्टने कळतं. 1895 मध्ये योझेफ यादासोन यांनी मांडलेली ही पद्धत आजही तीच आहे: शंकास्पद पदार्थ ठरलेल्या प्रमाणात पाठीवर 48 तास चिकटवून ठेवायचे आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत पुन्हा तपासायचं. एपॉक्सीसाठी ते प्रमाण 1 टक्का असतं. घरी ओला गोंद दंडाला लावून ही चाचणी करू नये, कारण त्यानेच नवी ॲलर्जी जडू शकते. ॲक्रिलेटची ॲलर्जी निघाली तर दंतवैद्यालाही सांगायला हवं. दातात भरायच्या रेझिनमध्ये याच कुळातले रेणू असतात.

गोंद बदलूनही पुरळ थांबलं नाही तर संशय लाकडावर घ्यावा. मुंबईत जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली 1817 सालची ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. तिची प्रतिकृती अस्सल सागातच करायचा मोह आपल्याकडच्या माणसाला होणारच. पण सागाच्या धुळीत डीऑक्सिलॅपॅकॉल नावाचं रसायन असतं आणि शिसवीच्या धुळीत डालबर्जिओन. दोन्ही त्वचेच्या ॲलर्जीसाठी ठाऊक आहेत. तसाही साग इतक्या लहान प्रमाणात शोभत नाही, त्याचे रेषे ढोबळ दिसतात. नासपतीच्या बारीक पोताच्या लाकडावर सागाचा रंग चढवला तर जहाज जास्त खरं वाटतं.