औषधाच्या बिलात न दिसणारी बारा मिनिटं

गेल्या महिन्यात संध्याकाळच्या गर्दीत बेळगावातल्या माझ्या औषधाच्या दुकानात चंदगडकडच्या एक आजी काउंटरला आल्या. दम्याच्या कॅप्सूल संपल्या होत्या. "गुण काय येत नाही बाळा, पण डॉक्टरनी सांगितलंय म्हणून घेते," म्हणाल्या. कशा घेता विचारलं, तर म्हणाल्या, "कशा म्हणजे? पाण्याबरोबर की!" त्या कॅप्सूल गिळायच्या नसतात. यंत्रात घालून त्यातली पावडर श्वासाबरोबर आत ओढायची असते. यंत्र त्यांच्या पिशवीत होतं, प्लास्टिकच्या वेष्टणासकट.

खुर्ची दिली. कॅप्सूल कशी बसवायची, यंत्र कसं फिरवायचं, आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग ओठ घट्ट मिटून जोरात आत ओढायचा, दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचा, शेवटी चूळ भरून टाकायची. चौथ्या खेपेला त्यांना जमलं. तेवढ्यात तीन गिऱ्हाईकं शेजारच्या दुकानात गेली.

खानापूर तालुक्यातली एक मुलगी सध्या डी. फार्म.च्या, म्हणजे फार्मसी पदविकेच्या, प्रात्यक्षिकासाठी माझ्याकडे येते. ती हे सगळं बाजूला उभी राहून बघत होती. आजी गेल्यावर तिने घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, "सर, ह्या बारा मिनिटांचे पैसे बिलात कुठे धरायचे?"

कुठेच नाही, हे मला ठाऊक होतं. पण ते तसं का झालं, हे तिला नीट सांगावंसं वाटलं. आपल्याकडे ह्या प्रश्नाचं खापर लगेच माणसाच्या स्वभावावर फोडतात. अमका मेडिकलवाला चांगला, तमका धंदेवाईक. खरं कारण बरंच जुनं आहे आणि ते हिशेबाच्या पद्धतीत आहे.

माझ्या आजोबांच्या पिढीपर्यंत औषध म्हणजे बाटली. घरून रिकामी बाटली धुऊन न्यायची. कंपौंडर चिठ्ठी वाचून मिक्स्चर बनवायचा, खलात पूड घोटून पुड्या बांधायचा. मग कागदाची एक पट्टी दुमडून कात्रीने कडेला खाचा पाडायचा आणि ती बाटलीला उभी डकवायचा. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही किती प्यायचं ते कळायचं. पट्टी डकवता डकवता "हलवून घ्या, जेवल्यावर घ्या" हे सांगणं व्हायचं. बाटलीचे जे काही आणे द्यायचे, त्यात त्या हाताचे आणि त्या सांगण्याचे पैसे आलेले असायचे. औषध आणि सल्ला अशी वेगळी खाती नव्हतीच.

त्या काळाचं गुणगान मला करायचं नाही. औषध कोणीही बनवावं आणि कोणीही विकावं अशी अवस्था होती. क्विनाइनसारख्या जीव वाचवणाऱ्या औषधातही भेसळ व्हायची. ओरड वाढली तेव्हा सरकारने १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९३१ साली आला. माल तपासायला कायदा हवा आणि औषध देणारा माणूस शिकलेला हवा, हे दोन्ही त्यात होतं. १९३२ साली महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात औषधनिर्माणशास्त्राचं शिक्षण सुरू केलं. १९४० साली औषध कायदा झाला, १९४५ साली त्याचे नियम आले आणि १९४८ साली फार्मसी कायदा.

इथे कायदे दोन आहेत, हे मी त्या मुलीला पुन्हा पुन्हा सांगतो. १९४०चा कायदा मालाकडे आणि दुकानाकडे बघतो. किरकोळ विक्रीला किमान १० चौरस मीटर जागा हवी, फ्रिज हवा, बिलं आणि वह्या हव्यात. १९४८चा कायदा माणसाकडे बघतो. त्याचं शिक्षण काय, नाव राज्याच्या नोंदवहीत आहे का, हे तो विचारतो. पैसा सगळा पहिल्या कायद्याच्या बाजूने, मालातून, येतो. दुसऱ्या कायद्याने माणसाकडून ज्ञान मागितलं, पण त्या ज्ञानाचा मोबदला कुठून यावा हे ठरवलं नाही. आमच्या धंद्यातली ओढाताण तिथूनच सुरू होते, असं माझं मत आहे.

१९४८ साली बेळगाव मुंबई प्रांतात होतं. कायदा आला तेव्हा शिकलेले फार्मासिस्ट देशभरातच मोजके. म्हणून पहिल्या नोंदणीत एक वाट ठेवली होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधं तयार करून द्यायचा पाच वर्षांचा अनुभव असेल, तर कंपौंडरलाही फार्मासिस्ट म्हणून नाव घालता येत होतं. पुढे १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. आमच्या भागासाठी त्या तारखेचा अर्थ फार मोठा आहे, त्यात इथे शिरत नाही. दुकानापुरतं सांगायचं तर परवाने, निरीक्षक आणि नोंदणीचं कार्यालय यांची दिशा मुंबईकडून बेंगळुरूकडे वळली.

शिक्षण त्यानंतर इथवर पोचलं. बेळगावच्या केएलई शिक्षण संस्थेचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ साली निघालं आणि फार्मसी कॉलेज १९६८ साली. त्याआधी ज्याला रीतसर शिकायचं त्याने बाहेरच्या शहरांकडे बघायचं. नोंदणी नसलेल्या माणसाने चिठ्ठीवरचं औषध देऊ नये, हे फार्मसी कायद्याचं ४२वं कलम तर कुठे १ सप्टेंबर १९८४ला सगळीकडे लागू झालं. म्हणजे कायद्यानंतर छत्तीस वर्षांनी. एवढ्या काळात "औषध कोणीही काढून देऊ शकतो" ही समजूत लोकांच्या अंगवळणी पडून गेली. भिंतीवर एकाचं सर्टिफिकेट आणि काउंटरला दुसराच, हा प्रकार त्याच समजुतीवर पोसला गेला. तो चुकीचा आहे आणि आमच्याच लोकांनी तो चालवून घेतला, हे मी त्या मुलीपासून लपवत नाही.

ह्याच वर्षांत आणखी एक गोष्ट घडली. शिकलेली पोरं काउंटरला येईपर्यंत बाटल्या आणि पुड्या गेल्या होत्या. कारखान्यातून तयार गोळ्यांची पाकिटं येऊ लागली. खल, तराजू, मापाचा ग्लास कपाटात गेले. औषध बनवण्याची मजुरी संपली आणि तिच्याबरोबर सांगण्याचे पैसेही गेले. उरलं ते मार्जिन, पाकिटाच्या किमतीवरचं.

ते मार्जिनही हळूहळू सरकारी आकड्यांनी बांधलं गेलं. औषधांच्या किमतीवरचे नियंत्रण आदेश १९७०, १९७९, १९८७, १९९५ आणि २०१३ असे आले. १९७९च्या आदेशात ३४७ मूळ औषधं होती, १९८७च्या आदेशात १४२, १९९५ला ७४. २०१३ला पद्धत बदलून अत्यावश्यक औषधांची यादी धरली. किंमत बांधलेल्या औषधावर दुकानदाराला १६ टक्के आणि बाकीच्यांवर व्यापाराच्या रिवाजाने २० टक्के, हे आमच्या तोंडी बसलेले आकडे. वीस रुपयांची साखरेच्या आजारावरच्या गोळ्यांची पट्टी दिली, तर दुकानात तीन रुपयांच्या आतबाहेर काहीतरी राहतं. त्यातून भाडं, लाइट, फ्रिज, पोराचा पगार आणि मुदत संपलेल्या मालाचा घाटा. साखरेचा रोगी नवीन असेल तर त्याला पंधरा मिनिटं द्यायला हवीत. त्याउलट टॉनिकची अडीचशेची बाटली एका मिनिटात जाते आणि पन्नास रुपये ठेवून जाते. दहावर एक फुकट अशी स्कीम असेल तर आणखी. काउंटरला उभ्या असलेल्या माणसाचा हात कोणत्या फळीकडे वळतो, त्याचं उत्तर ह्या आकड्यांत आहे. मी त्या मुलीला एक दिवस विक्रीचं काम दिलंच नाही. दिवसभराची बिलं दिली आणि म्हटलं, प्रत्येकावर किती सुटले ते काढ आणि शेजारी लिही, ह्या माणसाला किती वेळ बोलायला हवं होतं. तिने दोन रकाने केले. ते एकमेकांशी जुळत नव्हते.

खेड्यात गोष्ट आणखी वेगळी. औषध नियमांच्या शेड्यूल के ह्या परिशिष्टात दोन सवलती आहेत, ज्या आमच्या भागात रोज दिसतात. डॉक्टरने स्वतःच्या रोग्याला स्वतः औषध द्यायला हरकत नाही. म्हणून गावच्या दवाखान्यात कागदाच्या पुडीत तीन रंगांच्या गोळ्या अजून मिळतात, नाव कुणालाच माहीत नसतं. दुसरी सवलत, हजारापर्यंत वस्तीच्या गावात काही घरगुती औषधं परवान्याशिवाय विकता येतात. पॅरासिटामॉल, बाम, ग्राइप वॉटर, खोकल्याच्या गोळ्या. जांबोटी-कणकुंबीकडच्या जंगलातल्या वाड्यांना पावसाळ्यात हाच आधार असतो, म्हणून ही सवलत मला योग्यच वाटते. फक्त तिथून आलेल्या माणसाला "आधी काय घेतलंत?" हे विचारायला विसरायचं नाही. ती मुलगी स्वतः त्याच बाजूची. तिला हे शिकवावं लागलं नाही.

आणि सीमेचा भाग. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेला मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून आमच्याकडे मोठं दुखणं म्हणजे मिरज. आता कोल्हापूर आणि गडहिंग्लजही. उलट चंदगडची माणसं बेळगावला येतात, कारण त्यांना तेच जवळ. माणसं अशी दोन्हीकडे जातात, पण कंपन्यांचा माल बहुतेक राज्यवार वाटला जातो. तिकडच्या डॉक्टरने लिहिलेला ब्रँड इकडच्या स्टॉकिस्टकडे असेलच असं नाही. आतलं औषध तेच, नाव वेगळं. पण शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या, औषधाच्या जागी दुकानदाराने मनाने दुसरं देऊ नये, त्यात घटक तोच असला तरी, असा नियम आहे. औषध उद्योगाबद्दलच्या सरकारी हाथी समितीने १९७५ साली ब्रँडची नावं टप्प्याटप्प्याने काढून मूळ नावं वापरावीत असं सुचवलं होतं. ते झालं असतं तर हा घोळ निम्मा संपला असता. झालं नाही, म्हणून तिकडच्या डॉक्टरना फोन लावायचा, ते ऑपरेशनमध्ये असतात, रोगी बाकावर बसून असतो आणि त्याची शेवटची बस सात वाजता असते. ह्या फोनचेही पैसे कुठे नाहीत.

भाषेचंही तसंच. गोळ्यांच्या पाकिटावर आम्ही खुणा करतो, सकाळ-दुपार-रात्र अशी तीन घरं. मराठीत सांगितलं की शेजारी कानडीत "ऊटा आदमेले", म्हणजे जेवणानंतर, हेही सांगावं लागतं. कॉलेजच्या परीक्षेत ह्याला गुण नाहीत, पण चुकीचा डोस इथेच टळतो.

१ मार्च २०१४पासून शेड्यूल एच-१ लागू झालं. तेव्हा ४६ औषधं, त्यात सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधं, झोपेच्या गोळ्या. डॉक्टरचं नाव, रोग्याचं नाव, औषध, संख्या हे वेगळ्या वहीत लिहून तीन वर्षं जपायचं. "सेफिक्झिमच्या दोनच द्या की, ताप आलाय" म्हणणारा माणूस चिठ्ठीशिवाय आला की नाही म्हणावं लागतं. तो पुढच्या दुकानात जाऊन घेतो, हेही आपल्याला माहीत असतं. पहिल्यांदा "नाही" म्हणताना त्या मुलीचा आवाज बारीक झाला होता. मी मध्ये पडलो नाही.

अलीकडे सवलतीची चढाओढ आली. २० टक्क्यांतले १५ गिऱ्हाइकाला दिले, तर उरलेल्या पाचात फार्मासिस्टचा पगार बसत नाही. मग त्याच्याच कामाच्या वेळेवर कात्री चालते. २०१८च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन विक्रीच्या नियमांचा मसुदा आला, सप्टेंबरमध्ये देशभरातल्या दुकानदारांनी बंद पाळला. आमची त्यातली भीती खोटी नव्हती. पण बंदच्या भाषणांत मार्जिनचं जेवढं निघालं, तेवढं समजावून सांगण्याचं निघायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं. घरपोच पाकीट कोणीही आणून देईल. आजींना श्वास ओढायला कोण शिकवणार, हे आम्ही लोकांपुढे मांडलंच नाही. दुसऱ्या बाजूला जनऔषधी केंद्रं. २००८ साली योजना सुरू झाली. ती आल्यापासून स्वस्त औषध मागणारा माणूस निःसंकोच मागू लागला, हे चांगलं झालं. पण तिथेही दुकानदाराचं उत्पन्न विक्रीच्या टक्क्यावरच आहे.

२०१५च्या जानेवारीत फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स निघाली. रोग्याला औषधाबद्दल समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य म्हणून त्यांत लिहिलं गेलं. बाटलीवर पट्टी डकवणारा कंपौंडर जे करत होता, ते पुन्हा कागदावर आलं.

त्या मुलीच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत रोज किती चिठ्ठ्या हाताळल्या ते लिहितात. पाचशे तासांपैकी निम्मे तरी प्रत्यक्ष चिठ्ठ्यांवर औषधं देण्यात जावेत, असं फार्मसी शिक्षणाच्या १९९१च्या नियमांतही होतं. त्या संध्याकाळची नोंद तिने माझ्यासमोरच केली. चिठ्ठी एक, औषध एक. मग पेन थांबलं आणि तिने समासात बारीक अक्षरात लिहिलं, "१२ मि., चौथ्यांदा जमले." मी खाली सही केली. आजींचा नंबर घेतला होता. आठवड्याने फोन करायचं काम तिच्याकडे दिलं.