बंड्याला लागलेला ‘ला’

तीन वर्षांपूर्वी दिवाळीत कोथरूडच्या मावशीकडे फरशी झाडणारा रोबोट आला. आकाराने पोळपाटाएवढा, जाडीला चार बोटं. आठवडाभरात त्याचा ‘बंड्या’ झाला. एकदा तो दिवाणाखाली गेला, पायपुसण्याच्या झालरीत त्याचं चाक गुंतलं आणि तिथेच गुरगुरत बसला. मावशी स्वयंपाकघरातून ओरडली, “अरे, त्याला बाहेर काढ, अडकलाय बिचारा!”

‘बिचारा’ राहू द्या, माझं लक्ष गेलं ते ‘त्याला’कडे. मराठीत आपण मिक्सर उचलतो, खुर्ची सरकवतो. पण बाळाला उचलतो, मांजराला हाकलतो. निर्जीव वस्तूला असा ‘ला’ आपण सहसा लावत नाही. मिक्सर फळीवर असेल तर मावशी म्हणते, “तो काढून दे.” बंड्याला मात्र तिने नकळत सजीवांच्या पंगतीत बसवलं होतं. विचारलं असतं तर फटकन म्हणाली असती, “मशीन आहे ते, मला कळत नाही का?” कळतं की. कळत असूनही ‘ला’ निघतो, गंमत तिथेच आहे.

१९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत एक छोटी फिल्म बनवली. त्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेली एक चौकट, एवढंच. आकार इकडून तिकडे सरकतात, चौकटीत शिरतात, बाहेर पडतात. काय दिसलं ते लिहा, असं ३४ विद्यार्थिनींना सांगितलं. भूमितीच्या भाषेत लिहिणारी एकच निघाली. बाकीच्यांना दिसला दादागिरी करणारा मोठा त्रिकोण आणि घाबरून लपणारं वर्तुळ. ना डोळे, ना आवाज, नुसती हालचाल.

एखादी गोष्ट कुणी न ढकलता हलली, वळली, कशाच्या तरी मागे लागली, की मेंदू तिला ‘कुणीतरी’ समजायला लागतो. असल्या हालचाली टिपायला कानाच्या वरच्या अंगाला मेंदूच्या घडीत एक भाग आहे. चेहरे ओळखणारा भाग वेगळा, मेंदूच्या तळाशी. त्याला दोन ठिपके आणि खाली एक रेघ दिली तरी चालते, चेहरा म्हणून त्याची नोंद सेकंदाच्या साधारण सहाव्या हिश्शात होते. ‘अरे, हे तर प्लास्टिक’ हा विचार मागाहून येतो. रोबोटच्या पडद्यावर दोन गोल डोळे काढणारा कंपनीतला माणूस हे पक्कं ओळखून असतो. आपल्या गणपतीच्या कारखान्यातही डोळ्यांची आखणी मुरलेल्या हातालाच देतात, ती उगीच नाही.

२००८ साली जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून एक खेळ खेळायला लावला. समोरचा डाव कसा टाकेल, हे ओळखायचं. प्रतिस्पर्धी चार: साधा संगणक, निव्वळ यंत्र वाटणारा रोबोट, माणसासारखा रोबोट आणि माणूस. प्रत्यक्षात चौघांच्याही चाली सारख्याच सोडतीने काढलेल्या. तरी प्रतिस्पर्धी जितका माणसासारखा, तितके दुसऱ्याच्या मनात डोकावणारे मेंदूचे भाग जास्त कामाला लागले. मनच नसलेल्या ठिकाणी मन शोधायची ही मेहनत!

मग दया आली तर नवल काय? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात नाओ नावाच्या छोट्या रोबोटशी गप्पा मारून झाल्यावर त्याला बंद करायचं होतं. (बघा, माझाही ‘ला’ निघाला.) ४३ जणांसमोर तो गयावया करू लागला, बंद करू नका, मला अंधाराची भीती वाटते. १३ जणांनी बंद केलाच नाही. उरलेल्या ३० जणांनी, विनवणी न ऐकलेल्यांच्या मानाने, सुमारे दुप्पट वेळ घेतला. तरी ही दया माणसाच्या वाट्याला येते तेवढी नसते. रोबोटचा आणि माणसाचा छळ दाखवणाऱ्या चित्रफिती पाहताना मेंदूचे भावनेशी निगडित भाग दोन्हींना प्रतिसाद देतात, पण माणसासाठी जास्त.

हुबेहूब माणूस बनवायला जावं तर गाडी उलटी फिरते, आपलेपणा वाटायच्या जागी अंगावर काटा येतो. जपानी अभियंते मासाहिरो मोरी यांनी १९७० सालीच याला ‘बुकिमी नो तानी’ म्हटलं, म्हणजे विचित्र भीतीची दरी. पुढे स्कॅनरमध्ये त्याचा एक धागा हाती लागला. एका खऱ्या बाईवरून बनवलेला रोबोट, कातडं काढून तारा उघड्या केलेला तोच रोबोट आणि ती बाई, तिघांच्या एकाच तऱ्हेच्या हालचाली लोकांना दाखवल्या. मेंदूचा सर्वात वेगळा प्रतिसाद आला तो कातडंवाल्या रोबोटला. रूप बाईचं, हात हलतो यंत्रासारखा. चेहऱ्यावरून मेंदू जो अंदाज बांधतो तो हालचाल मोडते. ना धड माणूस, ना धड मशीन. त्या मानाने बंड्या परवडला, तो कुणाचं सोंग घेत नाही.

मला खरी काळजी मुलांची वाटते. सात ते नऊ वर्षांच्या मुलांना तीन रोबोटांच्या शेजारी बसवून कुठली रेघ कुठल्या रेघेएवढी ते विचारलं. रोबोट मुद्दाम चुकत होते. मुलांच्या चुकलेल्या उत्तरांपैकी ७४ टक्के उत्तरं रोबोटांच्या उत्तराशी तंतोतंत जुळली. मोठी माणसं मात्र त्यांच्या मागे गेली नाहीत. रोबोट वाचा-बोलायला शिकवणार असतील तर हे आधीच ठाऊक असलेलं बरं.

जपानमध्ये सोनीचा आयबो हा यंत्रकुत्रा १९९९ साली आला. पुढे कंपनीने दुरुस्ती बंद केली, तेव्हा निकामी आयबोंचे सुटे भाग काढून दुसरे आयबो चालवायची वेळ आली. भाग काढण्याआधी चिबा प्रांतातल्या एका बौद्ध देवळात २०१५ पासून त्यांच्यासाठी मंत्र म्हटले जाऊ लागले. पुणेकराला हे समजावून सांगावं लागू नये. आपणही शाडूत प्राण घालतो आणि उत्तरपूजेनंतर मूर्ती जागेवरून थोडी सरकवल्यावरच तिला उचलतो.

गेल्या महिन्यात बंड्याची बॅटरी गेली. एक्सचेंजमध्ये नवा घ्यायचं ठरलं. दुकानातला मुलगा खोकं घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, “काकू, जुनं मशीन द्या.”

मावशीने ब्रशात गुंतलेले केस कात्रीने कापायला घेतले. “थांब रे जरा,” ती म्हणाली, “त्याला पुसून देते.”