गोळ्या संपल्या, पण पोटातला जंतू गेला का?

चौदा दिवसांच्या गोळ्या संपल्या, पोटातली जळजळ थांबली, नीट भूक लागू लागली, की बहुतेक जणांना वाटते प्रकरण मिटले. फाइल कपाटात जाते. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूच्या बाबतीत ही समजूत महागात पडते. त्या कोर्समध्ये आम्ल कमी करणारी एक गोळी असतेच, आणि जंतू जिवंत असला तरी तिच्यामुळे दुखणे थांबते. जंतू गेला की राहिला हे पोटाला कळत नाही. ते तपासावे लागते, तेही ठरावीक दिवस थांबून आणि ठरावीक औषधे बंद ठेवून. उपचारांतला नेमका हाच भाग सर्वांत जास्त वेळा राहून जातो.

हा जंतू साधारण 3 मायक्रोमीटर लांबीचा, मळसूत्रासारखा पीळ असलेला, आणि एका टोकाला चार ते सहा शेपट्या असलेला जीवाणू आहे. रिकाम्या जठरातल्या रसाचा पीएच 1 ते 2 असतो. इतक्या तीव्र आम्लात बाकीचे बहुतेक जीवाणू टिकत नाहीत. याच्याजवळ मात्र युरिएज नावाचे विकर (एन्झाइम) भरपूर प्रमाणात असते. आपल्या रक्तातला युरिया थोडाथोडा जठररसात उतरत असतो. युरिएज त्याचे अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांत विघटन करते. अमोनिया भोवतालचे आम्ल मारतो आणि जंतूला तेवढ्यापुरते श्वास घेण्याजोगे वातावरण मिळते.

पुढची गोष्ट आणखी विलक्षण आहे. जठराच्या आतल्या अस्तरावर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो. आम्लात तो घट्ट जेलसारखा राहतो, पण पीएच वाढला की पातळ होतो. म्हणजे अमोनियामुळे जंतूच्या पुढ्यातला श्लेष्मा सैल होतो आणि शेपट्यांच्या जोरावर तो आत शिरतो. थराच्या तळाशी, पेशींना लागून, पीएच जवळजवळ उदासीन असतो. तिथे तो मुक्काम ठोकतो आणि उपचार न केल्यास सहसा आयुष्यभर राहतो. शरीराची प्रतिकारशक्ती त्याला ओळखते, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडेही (अँटिबॉडी) तयार करते, पण त्याला हुसकावून लावू शकत नाही. त्या न संपणाऱ्या झटापटीतून जी सूज कायम राहते, तिला जठरशोथ म्हणतात. पुढचे सारे आजार त्या सुजेतून उद्भवतात.

जठरात जीवाणू राहूच शकत नाहीत, असे वैद्यकशास्त्र कित्येक दशके मानत होते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथल्या रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञाला 1979 मध्ये बायोप्सीच्या, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या जठराच्या तुकड्यांच्या, काचपट्ट्यांवर हे वाकडे जीवाणू दिसले. बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरने त्यांच्या साथीने ते वाढवण्याचा प्रयत्न सुरू केला. सुरुवातीचे सगळे प्रयत्न फसले, कारण प्रयोगशाळेच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे बशा दोन दिवसांनी टाकून दिल्या जात होत्या. 1982 मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे काही बशा जास्त दिवस उबवणी यंत्रात राहिल्या आणि त्यांवर जंतूंच्या वसाहती उगवल्या. हा जंतू सावकाश वाढतो, एवढेच खरे कारण होते. 1984 मध्ये मार्शल यांनी स्वतः जंतूंचे द्रावण पिऊन जठरशोथ ओढवून घेतला आणि बायोप्सीने तो सिद्ध केला. दोघांना 2005 चे नोबेल मिळाले. जंतू मात्र माणसाचा फार जुना सोबती आहे: आल्प्समधल्या बर्फात सापडलेल्या ओत्झी या सुमारे 5,300 वर्षांपूर्वीच्या माणसाच्या जठरातही त्याचा जनुकसंच मिळाला आहे.

लागण बहुधा लहानपणी, घरातल्याच माणसांकडून होते: लाळ, उलटी किंवा शौचाने दूषित झालेले पाणी आणि हात यांमार्फत. लागण झालेल्यांपैकी बहुसंख्य लोकांना कधीच काही जाणवत नाही. सुमारे दहा ते वीस टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी अल्सर होतो आणि एक ते तीन टक्क्यांना जठराचा कर्करोग. टक्का लहान वाटला तरी जगातले निम्म्याच्या आसपास लोक हा जंतू बाळगत आले आहेत, हे लक्षात घेतले की आकड्याचे वजन कळते. 1994 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटातील, म्हणजे माणसात कर्करोग निश्चितपणे घडवणाऱ्या घटकांत टाकले.

एकच जंतू कुणाला अल्सर देतो आणि कुणाला कर्करोग, हे सूज जठराच्या कोणत्या भागात आहे यावर बरेच अवलंबून असते. सूज जठराच्या खालच्या टोकाशी असेल तर आम्लाला लगाम घालणारे सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक कमी पडते, आम्ल सोडायला लावणारे गॅस्ट्रिन वाढते आणि आम्ल जास्त सुटते. ते लहान आतड्याच्या पहिल्या भागात जाऊन तिथे अल्सर करते. सूज जठराच्या मुख्य भागात पसरली तर उलटे घडते. आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी झिजतात, आम्ल कमी होते, अस्तराच्या जागी आतड्यासारख्या पेशी येऊ लागतात, आणि या वाटेने वर्षानुवर्षांनंतर कर्करोग होऊ शकतो. म्हणूनच ज्याला आतड्याच्या सुरुवातीला अल्सर होतो, त्याला जठराचा कर्करोग होण्याची शक्यता कमी असते.

प्रत्येक अल्सर या जंतूचाच असतो असे नाही. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या हे दुसरे मोठे कारण आहे, आणि दोन्ही एकत्र आले तर धोका आणखी वाढतो. छातीत जळजळ आणि आंबट ढेकर हा बहुधा वेगळाच आजार असतो. जंतू घालवला म्हणून तो बरा होईल, अशी आशा बाळगू नये.

आता तपासणी. ज्या युरिएजवर जंतू जगतो, तेच त्याला पकडून देते. श्वासाच्या तपासणीत आधी उपाशीपोटी श्वासाचा एक नमुना पिशवीत घेतात. मग कार्बन-13 असलेला युरिया, साधारण 75 मिलिग्रॅम, पाण्यातून पाजतात. कार्बन-13 किरणोत्सारी नसतो. जंतू असेल तर युरियाचे विघटन होते, त्यातला कार्बन डायऑक्साइड रक्तात मिसळून फुफ्फुसांत येतो, आणि अर्ध्या तासाने घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यात कार्बन-13 चे प्रमाण वाढलेले दिसते. दुसरा नमुना लगेच का घेत नाहीत? तोंडातल्या काही जीवाणूंकडेही युरिएज असते. पहिल्या काही मिनिटांत त्यांचाच वायू मोजला जाईल आणि नसलेला जंतू दिसेल. कार्बन-14 वापरणारी जुनी पद्धत किंचित किरणोत्सारी असते, म्हणून ती गरोदर स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी टाळतात.

दुसरी भरवशाची तपासणी म्हणजे शौचाच्या नमुन्यात जंतूचे प्रथिन शोधणे. जठरात दुर्बीण घालून तपासताना अस्तराचा तुकडा काढला असेल तर तो युरिया आणि रंगद्रव्य असलेल्या जेलमध्ये टाकतात. अमोनिया तयार झाला की पिवळा रंग गुलाबी-लाल होतो. रक्तातली प्रतिपिंडे पाहण्याची तपासणी सोपी आहे, पण जंतू गेल्यावरही प्रतिपिंडे महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे रक्तात राहतात. उपचारानंतर जंतू गेला का, हे पाहायला ती निरुपयोगी.

सर्वांत जास्त चूक होते ती तयारीत. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल अशी आम्लरोधक गोळी चालू असताना जंतूंची संख्या घटते आणि ते जठराच्या वरच्या भागाकडे सरकतात. मग श्वास, शौच आणि बायोप्सी तिन्ही तपासण्या जंतू असूनही ‘नाही’ म्हणू शकतात. म्हणून ही गोळी तपासणीआधी दोन आठवडे, आणि अँटिबायोटिक व बिस्मथ (या उपचारातले आणखी एक औषध) चार आठवडे बंद हवे. दरम्यान जळजळ फारच झाली तर साधे अँटासिड डॉक्टरांना विचारून चालते. ताज्या रक्तस्रावातही बायोप्सीची रंगतपासणी चुकते, तेव्हा ‘नाही’ असा अहवाल आला तरी पुन्हा तपासावे. गोळी मात्र परस्पर बंद करू नये. नुकताच रक्तस्राव झालेल्या माणसाला ती लागतेच, आणि तपासणीची वेळ त्याप्रमाणे पुढे ढकलावी लागते.

उपचारात इतकी औषधे एकदम का देतात, असा प्रश्न रुग्ण नेहमी विचारतात. जंतू श्लेष्माखाली दडलेला असतो, तिथे औषध पुरेसे पोचत नाही, आणि एकट्या औषधाला तो पटकन दाद देईनासा होतो. आज अनेक मार्गदर्शक तत्त्वांत पहिल्या पसंतीचा कोर्स चार औषधांचा, 14 दिवसांचा आहे: आम्लरोधक गोळी दिवसातून दोनदा, बिस्मथ चारदा, टेट्रासायक्लिन 500 मिलिग्रॅम चारदा, आणि मेट्रोनिडॅझोल 500 मिलिग्रॅम तीन किंवा चारदा. म्हणजे रोज किमान 13 मात्रा, चौदा दिवसांत 182. हा भार कमी नाही, आणि कोर्स मध्येच सुटण्याचे ते खरे कारण आहे. सुरू करण्यापूर्वीच वेळापत्रक लिहून भिंतीला लावावे.

यात आम्लरोधक गोळीचे काम केवळ जळजळ कमी करण्याचे नाही. जठरातले आम्ल घटले की जंतू वाढू लागतो, आणि अमॉक्सिसिलिनसारखी औषधे वाढणाऱ्या जंतूलाच नीट मारतात. ही गोळी सकाळी आणि रात्री जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची. जेवणानंतर घेतली तर तिचा उपयोग कमी होतो. बाकीची औषधे जेवणानंतर आणि झोपण्याआधी. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घेऊ नये, आणि लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण टेट्रासायक्लिन त्यांना चिकटते आणि पुरेसे शोषले जात नाही. रात्रीची मात्रा पेलाभर पाण्यासोबत घेऊन लगेच आडवे होऊ नये, नाहीतर कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. गरोदरपणात आणि आठ वर्षांखालील मुलांना टेट्रासायक्लिन देत नाहीत. मेट्रोनिडॅझोलने तोंडाला धातूची चव येते. ते चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस दारू वर्ज्य. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी आधीच सांगावे, कारण मेट्रोनिडॅझोलमुळे रक्त जास्त पातळ होते.

बिस्मथने शौच आणि जीभ काळी पडते. इथे एक फरक ओळखता आला पाहिजे. बिस्मथ किंवा लोहाच्या गोळीने आलेला काळेपणा घट्ट, कोरडा आणि साधारण नेहमीच्या वासाचा असतो. अल्सरमधून रक्त गेले असेल तर शौच डांबरासारखे चकचकीत, चिकट आणि उग्र दुर्गंधीचे होते. सोबत चक्कर, घाम, धडधड असेल किंवा उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही पडले, तर कोर्स संपण्याची वाट न पाहता त्याच तासाला रुग्णालय गाठावे. गिळताना अन्न अडकणे, कारणाशिवाय वजन घटणे, सतत उलट्या किंवा रक्तक्षय असेल तर आधी दुर्बीण, मग गोळ्या.

कोर्स नीट घेऊनही काहींत जंतू उरतो. त्याचे सर्वांत मोठे कारण क्लॅरिथ्रोमायसिन या, जुन्या तीन औषधांच्या कोर्समधल्या अँटिबायोटिकला आलेला प्रतिरोध, म्हणजे जंतूने त्याला दाद न देणे. जंतूच्या, प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोममधल्या आरएनएत 2143 व्या जागी एक अक्षर बदलले, ‘ए’ चे ‘जी’ झाले, की औषध चिकटायला जागाच राहत नाही. घसादुखी-खोकल्यासाठी पूर्वी घेतलेले अ‍ॅझिथ्रोमायसिन त्याच जातीचे असल्याने, आपल्या नकळत हा प्रतिरोध तयार झालेला असू शकतो. ज्या प्रदेशात प्रतिरोध 15 टक्क्यांहून जास्त आहे, तिथे जंतूची संवेदनशीलता तपासल्याशिवाय क्लॅरिथ्रोमायसिनचा जुना तीन औषधांचा कोर्स देऊ नये, असे तज्ज्ञ सांगतात. तो सवयीने अजून लिहिला जातो, हे खटकते. मेट्रोनिडॅझोलचा प्रतिरोध मात्र जास्त मात्रा आणि बिस्मथची जोड यांनी बराचसा ओलांडता येतो, आणि अमॉक्सिसिलिन किंवा टेट्रासायक्लिनला जंतू तुलनेने क्वचितच जुमानत नाही.

कोर्स संपल्यावर किमान चार आठवडे थांबून श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची. त्याआधी केली तर अर्धमेले, संख्येने थोडे जंतू निसटतात आणि अहवाल खोटा दिलासा देतो. जंतू खरेच गेला असेल, तर त्याच्यामुळे झालेला अल्सर क्वचितच परत येतो. पूर्वी नुसत्या आम्लरोधकांवर ठेवलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांत तो वर्षभरात परत यायचा. जठराच्या माल्ट लिम्फोमा या कर्करोगात तर सुरुवातीच्या टप्प्यावर केवळ जंतू घालवून सुमारे चारांपैकी तिघांत गाठ विरते.

जंतू उरलाच, तर तोच कोर्स पुन्हा घेऊ नये. पहिल्या खेपेला क्लॅरिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिन हे दुसरे अँटिबायोटिक वापरले असेल, तर दुसऱ्या खेपेला ते वगळतात. अमॉक्सिसिलिन आणि टेट्रासायक्लिन पुन्हा देता येतात. म्हणून कोर्समधल्या प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा, दिवस आणि किती मात्रा चुकल्या हे लिहून ठेवावे. दोन खेपा फसल्यावर अंदाजाने तिसरा कोर्स सुरू करण्याऐवजी, बायोप्सीतून जंतू वाढवून किंवा त्याचे जनुक तपासून कोणते औषध चालेल हे आधी पाहतात. त्या तपासणीसाठीही आम्लरोधक गोळी दोन आठवडे बंदच हवी.