गाठ एक, प्लास्मिड अनेक

नाशिकच्या द्राक्ष बागायतदारापाशी रोगांचा विषय काढला की बोलणं डाऊनी आणि भुरीवर जातं. क्राऊन गॉलचं, म्हणजे खोडाच्या बुडाशी येणाऱ्या खडबडीत गाठींचं, नाव क्वचितच निघतं. पण निफाड-दिंडोरीकडे डॉगरीजच्या खुंटावर कलम भरतात, पुढे दरवर्षी खरड छाटणी आणि गोडी छाटणी होते. आणि ही गाठ आणणाऱ्या जिवाणूला आत शिरायला जखमच लागते.

स्मिथ आणि टाउनसेंड यांनी १९०७ मध्ये गाठीचं खापर जिवाणूवर फोडलं. पण जिवाणू मेल्यावरही गाठ वाढतच का राहते? उत्तर यायला १९७४ उजाडलं. बेल्जियममधल्या गेंटच्या गटाला गाठ आणणाऱ्या अ‍ॅग्रोबॅक्टेरियममध्ये एक भलामोठा प्लास्मिड, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं वेगळं कडं, सापडला: टीआय प्लास्मिड. त्याचा एक तुकडा, टी-डीएनए, थेट झाडाच्या पेशीत जातो, हे मेरी-डेल चिल्टन आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवलं. जिवाणू मेला तरी तो तुकडा तिथेच राहतो.

खरी गंमत पुढची. सगळे टीआय प्लास्मिड सारखे नव्हते. काही गाठीकडून ऑक्टोपिन बनवून घेत, काही नोपॅलिन; ही दोन्ही जिवाणूच्या खाण्याची रसायनं. ज्याचा प्लास्मिड, त्याचं खाद्य. १९८१ मध्ये या दोन प्रकारांचे नकाशे शेजारी ठेवले, तेव्हा जुळणी चारच पट्ट्यांत मिळाली: टी-डीएनएचा गाभा, स्वतःची प्रत काढणारा भाग, दुसऱ्या जिवाणूत जाण्याची यंत्रणा आणि झाडावर हल्ला करणारी व्हिर जनुकं. बाकी बराचसा मजकूर ज्याचा त्याचा. सी-५८ या नोपॅलिन जातीचा जीनोम २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिचा टीआय प्लास्मिड सुमारे २ लाख १४ हजार डीएनए-अक्षरांचा.

द्राक्षावरच्या जिवाणूला १९९० मध्ये अ‍ॅग्रोबॅक्टेरियम व्हिटिस हे वेगळं नाव मिळालं. त्याच्या अनेक जातींच्या प्लास्मिडवर टार्टारिक आम्ल पचवणारी जनुकं आहेत. द्राक्षात हे आम्ल भरपूर असतं, तेव्हा ही सोय कुठून आली असेल ते वेगळं सांगायला नको.

या तुलनेचा रोकडा उपयोग एके ठिकाणी दिसतो. ऑस्ट्रेलियातून आलेला के-८४ हा उपकारक जिवाणू बदाम-पीचसारख्या झाडांत गाठी रोखतो, द्राक्षात मात्र सहसा फसतो. त्याचं विष, अ‍ॅग्रोसिन ८४, पेशीत शिरतं ते सी-५८सारख्या प्लास्मिडवरच्या अ‍ॅग्रोसिनोपिन हे गाठीतलं खाद्य ओढून घेणाऱ्या वाटेनं. ती वाट ज्या प्लास्मिडवर नाही, त्या जिवाणूला विषाची बाधाच होत नाही. म्हणून द्राक्षात आजही सगळी भिस्त निरोगी काडी आणि स्वच्छ कात्रीवर आहे.